थेंबाची ओळख

आजचा विषय सकाळच्या चहाबरोबर घेण्याचा नाही, याची मला कल्पना आहे. कवीला बोलावलं म्हणजे तो पाऊस, गाव, आई अशा कशावर तरी बोलेल, असंच सगळ्यांना वाटत असणार. मी लघवीवर बोलणार आहे. आई त्यात येईलच.

ती प्लॅस्टिकची छोटी डबी हातरुमालात गुंडाळून पॅथॉलॉजीच्या रांगेत आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. ओळखीचं कुणी दिसलं की डबी पिशवीत जाते. खिडकीपलीकडचा मुलगा मात्र निर्विकारपणे ती घेतो आणि तिच्यावर नाव चिकटवतो. त्याच्या या कामाची परंपरा फार जुनी आहे. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात एक हकीमसाहेब होते. ते काचेच्या बाटलीत नमुना मागवायचे आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहायचे. त्या बाटलीला म्हणायचे कारूरा. हळूहळू बाटलीतल्या वस्तूलाही तेच नाव पडलं. उर्दूत दोघांचं फार जमत असेल तर त्यांचा कारूरा मिळतो, असं म्हणतात. आपण पत्रिका जुळवतो, त्यांनी हे जुळवलं.

या हकिमांचा गुरू म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा इब्न सीना. त्याच्या वैद्यकावरच्या मोठ्या ग्रंथात नमुना कसा घ्यावा याच्या सूचना आहेत. सकाळचा पहिला असावा. आधी केशरासारखं रंग देणारं काही खाल्लेलं नसावं. अंगाला लावलेल्या मेंदीनेसुद्धा रंग बदलू शकतो, हे त्याने बजावून ठेवलं आहे. मला ही सूचना फार आवडते. रंगावरून रोग ओळखायचा, पण रंगावरही आंधळा विश्वास टाकायचा नाही. आपल्याकडे आयुर्वेदात मधुमेहाच्या लघवीला मुंग्या लागतात, ही नोंद आहे. इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन नावाच्या डॉक्टरने अशी लघवी आटवली आणि तळाशी साखर दाखवली, ते १७७६ साली. मुंग्यांना ते आधीच माहीत होतं. पण मुंगीला गोड आहे एवढंच कळतं, काय आहे ते कळत नाही. चोर उंच होता, मिशा होत्या, हे झालं वर्णन. त्याची ओळख पटणं ही वेगळी गोष्ट.

मी साधा बी. ए. झालेला माणूस. या भानगडीत पडलो तो माझ्या मावसबहिणीमुळे. आम्ही तिला आपा म्हणतो. तिचं लग्न तिच्या फुफीच्या मुलाशी, म्हणजे आतेभावाशी झालं. आमच्यात हे चालतं आणि मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत आपाची दोन मुलं गेली. दोन्ही मुलगे, दोन्ही पहिल्या महिन्याच्या आत. जन्मले तेव्हा गुटगुटीत होते. मग दूध सोडलं, मान टाकली, गेले. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या वेळी अंगणात बसलेल्या बायका काय बोलत होत्या ते मला आठवतं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं दूध लागलं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही, फक्त आपाकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला.

आपा एक गोष्ट तेव्हापासून सांगते. बाळाच्या लंगोटाला वास यायचा. गोडसर, साखर कढईत करपल्यावर येतो तसा. ती हे डॉक्टरांनाही म्हणाली होती. ते हसले आणि म्हणाले, बाळ गोड आहे तुमचं.

आईला वास आला आणि ऐकणारा भेटला, असं एकदा नॉर्वेमध्ये घडलं. बोर्नी एगेलँड नावाच्या बाईला दोन मुलं होती, लिव आणि डाग. जन्मली तेव्हा दोघंही ठीक. पुढे मुलगी जेमतेम चालायला लागली, मोजके शब्द बोलायची. मुलगा चालतही नव्हता आणि बोलतही नव्हता. दोघांच्या अंगाला सतत एक विचित्र कुबट वास. ही बाई वर्षानुवर्षं डॉक्टरांचे उंबरठे झिजवत होती. प्रत्येकाला वासाबद्दल विचारायची, पण उत्तर मिळत नव्हतं. १९३४ साली ती ऑस्लोच्या डॉ. आस्बयॉर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोचली. फोलिंग आधी रसायनशास्त्र शिकले होते, मग डॉक्टर झाले. माझ्या मते सगळी गोष्ट या एका योगायोगात आहे.

त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. मधुमेहाच्या तपासणीत तेव्हा हे नेहमी करत. एरवी रंग तपकिरी राहतो, मधुमेह बळावला असेल तर तांबूस-जांभळा होतो. इथे झाला गडद हिरवा आणि थोड्या वेळात उडून गेला. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिली शंका आली ती औषधांची. त्यांनी मुलांची सगळी औषधं आठवडाभर बंद करायला सांगितली. (इब्न सीनाचं केशर आणि मेंदी आठवते ना?) आठवड्याने पुन्हा हिरवा.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. काहीतरी असामान्य आहे, असं कागदावर लिहून दिलं असतं. फोलिंग यांना त्या असामान्याचं नाव हवं होतं. ती आई लघवी आणून देत राहिली आणि हे त्यातून तो पदार्थ वेगळा काढत राहिले. वीस लिटरहून जास्त लघवी लागली, दोनेक महिने गेले. पदार्थ हवेत टिकत नव्हता म्हणून काम नायट्रोजन वायूखाली करावं लागलं. शेवटी हाती थोडे शुद्ध स्फटिक आले. त्यांतल्या कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचं प्रमाण काढलं, पदार्थ तोडून त्याचे तुकडे पाहिले आणि अंदाज बांधला की हे फिनाइलपायरुव्हिक आम्ल असावं. मग त्यांनी जे केलं ते मला फार सुंदर वाटतं. खरं, ओळखीचं फिनाइलपायरुव्हिक आम्ल घेतलं आणि आपल्या स्फटिकांत मिसळलं. दोन वेगळे पदार्थ मिसळले की मिश्रण कमी तापमानाला वितळतं. इथे वितळण्याचं तापमान जराही हललं नाही. म्हणजे दोन्ही एकच. नंतर त्यांनी आसपासच्या संस्थांमधल्या ४३० मतिमंद रुग्णांची लघवी तपासली. आठ जणांची हिरवी झाली.

तो आजार म्हणजे आजचा फिनाइलकीटोन्यूरिया. दुधात, डाळीत, मांसात असणारं फिनाइलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल या मुलांच्या यकृताला नीट वापरता येत नाही. ते साठतं आणि मेंदू बिघडवतं. एगेलँड बाईंच्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. पण १९५३ साली बर्मिंगहॅमच्या होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी एका दोन वर्षांच्या मुलीला ते अमिनो आम्ल काढून टाकलेलं अन्न दिलं आणि ती सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. त्या मुलीची आईसुद्धा अशीच रोज दारात येऊन बसायची. डॉक्टरांनी खात्री करण्यासाठी आईला न सांगता तेच अमिनो आम्ल पुन्हा अन्नात मिसळलं. मुलगी काही दिवसांत होती तिथे परत आली. शास्त्र म्हणून ते बिनतोड असेल. मला ते वाचून राग आला, आजही येतो.

तर मग आपाचा करपलेल्या साखरेचा वास? मला वाटलं, उत्तर सापडलं. १९५४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनला जॉन मेंकीस यांनी एका कुटुंबातली चार भावंडं तान्हेपणीच गेल्याची नोंद केली. त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या पाकासारखा, जळक्या साखरेसारखा वास होता. आजाराचं नावच पडलं मेपल सिरप युरिन डिसीज. १९५७ मध्ये कळलं की ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं अशा बाळांत साठतात. हा आजार आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात आणि प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. नवराबायको एकाच आजोबांची नातवंडं असतील तर दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. हे सूत्र लघवीतूनच सुचलेलं आहे. लघवी काळी पडण्याच्या एका आजाराबद्दल लिहिताना १९०२ साली आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या लक्षात आलं, की अशा मुलांचे आईबाप अनेकदा सख्खे चुलत-मावस नात्यातले असतात.

सगळं जुळत होतं. मी उत्साहाने हे कविसंमेलनात ओळख झालेल्या एका तरुण मित्राला सांगितलं. तो प्रयोगशाळेत काम करतो आणि गझल लिहितो. त्याने शांतपणे विचारलं, ‘‘आपांनी बाळंतपणात मेथीचे लाडू खाल्ले होते का?’’

मी हसलो. आमच्याकडे काय किंवा तुमच्याकडे काय, बाळंतिणीला मेथी चुकली आहे का? तो म्हणाला, त्या आजारात जो वास येतो तो सोटोलोन नावाच्या रेणूचा, आणि मेथीलाही वास येतो तो त्याच रेणूचा. आईने प्रसूतीच्या वेळी मेथी घेतली म्हणून निरोगी बाळाला हा वास आला आणि डॉक्टरांची धावपळ झाली, असं २००१ साली इस्राएलच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. वास खरा, रेणूही तोच, पण आजार नाही. आजार आहे की नाही ते त्या तीन अमिनो आम्लांवरून ठरतं, वासावरून नव्हे.

मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षांनी आपाला सांगायला काहीतरी हाताशी आलं होतं, ते मेथीच्या लाडवाने काढून घेतलं.

मग त्यानेच मला त्याचं यंत्र दाखवलं. नाव लांबलचक आहे, गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर. मला समजलं तेवढं सांगतो. लघवीत युरिया बेसुमार असतो, त्याच्या गर्दीत बाकीचे दिसत नाहीत, म्हणून आधी तो काढून टाकतात. उरलेल्या पदार्थांना एक रासायनिक झूल चढवतात, म्हणजे ते तापवल्यावर वाफ होऊन उडू शकतात. ही वाफ काही मीटर नव्हे, तीसेक मीटर लांब, केसासारख्या बारीक पोकळ नळीतून जाते. नळीच्या आतल्या भिंतीला एक लेप असतो. जत्रेहून परतणारी माणसं आठवा. एक जण प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबतो, दुसरा सरळ चालत घर गाठतो. रेणूंचंही तसंच. ज्याला लेप आवडतो तो रेंगाळतो, ज्याला आवडत नाही तो लवकर बाहेर पडतो. कोण किती वाजता बाहेर आला, ही झाली पहिली खूण.

पण दोन अनोळखी माणसं एकाच वेळी वेशीवर पोचू शकतात. म्हणून दुसरी खूण. बाहेर पडणाऱ्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचं वजन नोंदवतात. मडकं फुटलं तर खापरं कशी पडतील, ते मडक्याच्या घडणीवर ठरतं. त्या खापरांचा नकाशा हजारो ज्ञात पदार्थांच्या नकाशांशी ताडून पाहतात. वेळ जुळली, खापरं जुळली, आणि तरीही शंका असेल तर शुद्ध पदार्थ आणून त्याच नळीतून सोडतात आणि पडताळतात. म्हणजे पुन्हा फोलिंग यांचंच काम, फक्त वीस लिटरऐवजी काही थेंबांत.

एकाच खुणेवर विसंबलं तर काय होतं, याची गोष्ट तो सांगत होता तेव्हा यंत्राचा पंखा घरघरत होता आणि मला घाम फुटला होता. १९८९ सालची, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातली. पॅट्रिशिया स्टॉलिंग्ज या तरुण आईने उलट्या करणारं, धाप लागलेलं तीन महिन्यांचं बाळ इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, उत्तर आलं इथिलीन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विष. बाळ आईपासून काढून घेतलं. पुढे आईला भेटायला दिलं, तिने बाटलीने दूध पाजलं, काही दिवसांत बाळ पुन्हा आजारी पडलं आणि सप्टेंबरमध्ये गेलं. आईला अटक झाली. तुरुंगात असताना, फेब्रुवारी १९९० मध्ये तिला दुसरा मुलगा झाला. तोही लगेच काढून घेतला, त्यामुळे तिने त्याला विष घालण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्यात तीच लक्षणं दिसली. त्याला मिथाइलमॅलोनिक अॅसिडेमिया नावाचा जन्मजात आजार निघाला. तरीही जानेवारी १९९१ मध्ये पहिल्या मुलाच्या खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली.

सेंट लुईसच्या विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्लाय यांनी टीव्हीवर ही हकिगत पाहिली. त्यांच्या सांगण्यावरून जेम्स शूमेकर यांनी मेलेल्या बाळाचं साठवून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं. विष नव्हतंच. त्या आजारात शरीरातच प्रोपिऑनिक आम्ल साठतं, आणि आधीच्या तपासणीत तेच इथिलीन ग्लायकॉल म्हणून वाचलं गेलं होतं. शूमेकर यांनी मुद्दाम प्रोपिऑनिक आम्ल मिसळलेलं रक्त वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवलं. काहींनी त्यातही इथिलीन ग्लायकॉल असल्याचं कळवलं. येल विद्यापीठाच्या पिएरो रिनाल्दो यांनीही सगळं तपासून आजारावर शिक्कामोर्तब केलं आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आरोप मागे घेतले गेले. नमुना रक्ताचा होता, लघवीचा नव्हता, पण चूक ओळखीचीच. ते रक्त कुणीतरी जपून ठेवलं होतं म्हणून ती बाई बाहेर आली, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आज हे काम किती पुढे गेलं आहे, त्याचे आकडे थोडक्यात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड विशार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षं खपून २०१३ साली माणसाच्या लघवीतल्या लहान रेणूंची यादी छापली. तीन हजारांहून जास्त नावं आहेत. त्यांतली बरीचशी शरीराची स्वतःची नव्हेतच. खाल्लेलं, प्यालेलं, घेतलेली औषधं, अंगाला फासलेली क्रीमं, सगळ्यांची पावती तिथे फाटते. यातले ४४५ पदार्थ त्यांनी २२ निरोगी माणसांच्या लघवीत स्वतःच्या यंत्रांवर ओळखले. बाकीची नावं जगभरातल्या जुन्या शोधनिबंधांतून गोळा केलेली. मित्राच्या पडद्यावर मी पाहिलं तेव्हा नाव असलेल्या शिखरांच्या शेजारी बिननावाचीही कितीतरी शिखरं उभी होती.

मला भावलं ते जपानमधलं काम. कानाझावाच्या वैद्यकीय विद्यापीठात इसामु मात्सुमोतो आणि तोमिको कुहारा यांनी अशी पद्धत बसवली, की बाटलीऐवजी टीपकागदासारख्या गाळणकागदावर लघवी टिपायची, वाळवायची आणि पाकिटात घालून पाठवायची. एकाच तपासणीत असे कितीतरी आजार चाळता येतात. आपल्याकडेही काही प्रयोगशाळा अशा वाळलेल्या कागदावरून तपासणी करतात. मित्राने लगेच दोन गोष्टी बजावल्या. एक, बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन करायची तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायलाच हवी, कारण काही आजारांत रक्तातला बदल लघवीच्या आधी दिसतो. फिनाइलकीटोन्यूरियात लंगोटावर हिरवा रंग उमटेपर्यंत काही आठवडे जातात आणि तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. दोन, कागदाबरोबर आईने काय खाल्लं आणि बाळाला कुठली औषधं दिली, ते लिहून पाठवायचं.

गेल्या महिन्यात मी आपाकडे गेलो होतो. तिचा धाकटा मुलगा आणि सून दोघंही घरी होते. सून नात्यातलीच, तिच्या सासऱ्याच्या भावाची मुलगी. तिला सातवा महिना आहे. मी आपाला फोलिंग सांगितले, मेथी सांगितली आणि ती मिसुरीची बाईही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘म्हणजे माझ्या पोरांना काय झालं होतं, ते आता कळणार नाही?’’

मी म्हणालो, ‘‘नाही आपा. तेव्हाचं काही ठेवलेलंच नाही.’’

ती थोडा वेळ गप्प बसली. आत गेली, डाळ उतरवली, पदराला हात पुसत बाहेर आली.

‘‘तो कागद केवढा असतो?’’ तिने विचारलं.

मी खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सुनेला हाक मारली.